पाठीच्या व मानेच्या दुखण्याची भाषा आणि शस्त्रक्रियेवाचूनचे उपचार

पाठीचे व मानेचे दुखणे हा वैद्यकशास्त्राचा विषय होय. त्यात भाषाशास्त्राला काय काम, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक आहे. परंतु वेदना ही अशी वस्तू आहे की ती दुसऱ्यास दाखविता येत नाही, सांगावीच लागते. रोगी आपले दुखणे शब्दांत मांडतो, वैद्य त्याचा अर्थ शब्दांतच परत करतो, आणि घरी गेल्यावर रोग्याने काय करावयाचे हे बहुतांशी त्या परत आलेल्या शब्दावर ठरते. दुखण्याचा व्याप पाहिला तर हा प्रश्न लहान नाही. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरेचे, तर सुमारे २० कोटी ३० लाख माणसांना मानेचे दुखणे होते, असा अंदाज आहे. आणि कंबरदुखीचा आकडा २०५० पर्यंत ८४ कोटींच्या वर जाईल असे अनुमान करण्यात आले आहे. यांतील फारच थोड्यांना शस्त्रक्रियेची आवश्यकता असते. उरलेल्यांनी कोणते उपचार स्वीकारावेत, याच्याशी निदानाच्या भाषेचा जो संबंध आहे, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. जुनी क्रियापदे

मराठीत या दुखण्यासाठी जे शब्द परंपरेने चालत आले आहेत, ते बहुतेक क्रियापदांच्या आश्रयाने राहतात. पाठीत उसण भरते, कंबरेत लचक भरते, चमक निघते, कळ येते, ठणका लागतो, कंबर धरते, मान आखडते, मान अवघडते. या प्रयोगांचे दोन विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. एक असा की, यांत दुखणे ही घडणारी गोष्ट आहे. ती माणसाजवळ असलेली वस्तू नव्हे. दुसरा असा की, यांतील बहुतेक क्रियापदांना परतीची जोड आहे. आलेली कळ जाते, धरलेली कंबर सुटते, आखडलेली मान मोकळी होते, लागलेला ठणका थांबतो. दुखण्याच्या प्रारंभाबरोबरच त्याच्या शेवटाचीही तरतूद भाषेने येथे करून ठेवलेली आहे.

या भाषेमागे शरीरशास्त्राचे ज्ञान होते असे मात्र मानण्याचे कारण नाही. पायाळू माणसाचा पाय पाठीस लागला म्हणजे उसण जाते, ही समजूतही याच परंपरेतील आहे. उसण जाते हे खरेच. पण ती बहुधा आपल्या गतीने जाते आणि श्रेय पायाळूच्या पायाला मिळते. एकाएकी उद्भवलेली पाठदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत पुष्कळच ओसरते. म्हणूनच या दुखण्यावरील कोणताही उपचार तो न घेतलेल्या माणसांशी तुलना करूनच पारखावा लागतो.

२. नवी नामे

क्ष-किरणाचे चित्र आणि त्यानंतर एमआरआय हे प्रचारात आल्यावर बोलण्यात दुसऱ्याच प्रकारचे शब्द रूढ झाले. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘मणक्यांची झीज झाली’, ‘स्पॉन्डिलायटिस आहे’ ही त्यांची नमुनेदार उदाहरणे होत. हे शब्द घटना सांगत नाहीत, स्थिती सांगतात. ‘आहे’ या क्रियापदाने ते माणसाला कायमचे जोडले जातात, आणि त्यांना परतीची जोड नाही. असलीच तर ती नकारार्थी असते : झीज ‘भरून येत नाही’.

हे शब्द वस्तुस्थितीला धरून असते, तर तक्रारीला जागा नव्हती. परंतु एकेक शब्द तपासला असता निराळेच आढळते. ‘गॅप’ म्हणजे फट. फट पडल्याने मणके सुटे झाले असावेत अशी कल्पना ऐकणाऱ्याच्या मनात उभी राहते. वस्तुतः वाढत्या वयाबरोबर चकतीतील पाण्याचा अंश कमी होतो, तिची उंची घटते आणि दोन मणक्यांमधील अंतर कमी होते. म्हणजे चित्रात दिसते ते बहुधा फट अरुंद झाल्याचे लक्षण. शब्द मात्र नेमका उलट अर्थ सांगतो.

‘गादी सरकली’ या प्रयोगाचीही तीच कथा आहे. मणक्यांमधील चकती वरच्या व खालच्या मणक्यास घट्ट बांधलेली असते. ती जागेवरून निसटत नाही. तिच्या बाहेरच्या तंतुमय वलयाला चीर पडून आतील मऊ गर बाहेर येतो, इतकेच. चकतीतील हा बिघाड आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली स्पष्ट केला, आणि चकतीवरील शस्त्रक्रियेचे युग तेथून सुरू झाले. बाहेर आलेला हा गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात, मूळ चकतीपासून पूर्ण तुटून बाहेर पडलेला गर ९६ टक्के, तर केवळ फुगलेली चकती १३ टक्के प्रकरणांत आपोआप मागे हटल्याचे दिसले. चित्रात जे अधिक भयंकर दिसते, तेच मागे हटण्याचा संभव अधिक, असा याचा अर्थ होतो.

‘नस’ हा शब्द मराठीत रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कधी कधी स्नायूची दोरी या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे ‘नस दबली’ हे वाक्य ऐकणारा रक्त अडल्याची कल्पना करून घेऊ शकतो. ‘स्पॉन्डिलायटिस’ या शब्दातील अंत्य प्रत्यय दाहाचा वाचक आहे. मानेच्या मणक्यांत वयोमानानुसार होणाऱ्या बदलांना ‘स्पॉन्डिलोसिस’ असे नाव असून त्याचा अर्थ तेवढ्याने दाह असा होत नाही. बोलण्यात मात्र दाहाचा प्रत्ययच सर्रास चालतो. आणि ज्यात खराखुरा दाह असतो, तरुण वयात सुरू होतो व सकाळचा ताठरपणा हालचालीने कमी होतो, तो निराळा रोग या सरमिसळीत झाकला जातो.

‘झीज’ हा शब्द त्या मानाने खरा आहे, पण अपुरा. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या चित्रांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र मांडण्यात आले. चकतीची झीज विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीतील ९६ टक्के माणसांत आढळली. केस पांढरे होणे हे जसे वयाचे चिन्ह, तसेच हेही बव्हंशी वयाचे चिन्ह आहे. पण ‘केसांचा ऱ्हास झाला आहे’ असे लिहून कोणी कोणाच्या हातात कागद देत नाही.

३. शब्दाने उपचार बदलतो काय?

हा प्रश्न तर्कावर सोडण्याचे आता कारण उरलेले नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १,३७५ जणांपुढे एकच कल्पित प्रकरण ठेवून त्यास सहा निरनिराळी नावे देण्यात आली. ‘चकती फुगली’, ‘झीज’ व ‘संधिवात’ ही नावे ज्यांना मिळाली, त्यांना चित्र काढणे, दुसऱ्या वैद्याचे मत घेणे आणि शस्त्रक्रिया यांची गरज अधिक वाटली. ‘पाठदुखीचा एक झटका’, ‘कंबर लचकली’ अथवा ‘विशिष्ट कारण नसलेली पाठदुखी’ ही नावे मिळालेल्यांना ती कमी वाटली. लक्षणे तीच, फरक केवळ नावाचा. यांतील ‘झटका’ आणि ‘लचकणे’ हे घटनावाचक शब्द आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

हा प्रयोग कल्पित प्रकरणावरचा असल्याने त्याला मर्यादा आहेत. परंतु कोइमतूर येथील गंगा रुग्णालयातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर केलेला अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवितो. काहींना एमआरआय अहवालातील दोष जसेच्या तसे सांगण्यात आले. काहींना हे बदल वयानुसार होणारे असून चिंतेचे नाहीत, असे सांगितले गेले. दोन्ही गटांचे उपचार शस्त्रक्रियेवाचूनचेच होते. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे आपल्या पाठीविषयीचे मत अधिक वाईट आणि स्वतःच्या शक्तीवरील विश्वास कमी, असे आढळले.

४. उपचार कोणते?

मराठीत ‘आराम’ या एकाच शब्दात विश्रांती आणि गुण या दोन्ही अर्थांचा वास आहे. वैद्य ‘आराम करा’ म्हणतो आणि रोगी ‘आराम पडला’ म्हणतो. पाठदुखीच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर गेले आहेत. अमेरिकेत १९८६ साली दोन दिवस आणि सात दिवस अंथरुणावर पडून राहण्याच्या सल्ल्याची तुलना झाली. सात दिवसांचा काहीही अधिक लाभ दिसला नाही, कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. १९९५ साली हेलसिंकी येथील नगरपालिकेच्या सेवकांवर झालेल्या प्रयोगात, अंथरुणावर पडणारे आणि ठराविक व्यायाम करणारे या दोहोंपेक्षा, सोसेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. मानेला हिसका बसून झालेल्या दुखापतीतही मान जखडून ठेवण्यापेक्षा ती हलती ठेवण्याकडेच आज कल आहे.

दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दुखण्याविषयी नीट माहिती देणे, व्यायाम, मर्दन, कुशल हातांनी केलेली मणक्यांची हालचाल, मानसोपचाराच्या काही पद्धती आणि दाहशामक गोळ्या यांना तीत स्थान आहे. कंबरपट्टे, वजन लावून कण्याला ताण देणे, ध्वनिलहरींचा शेक आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नेहमीच्या उपचारांत वापर करू नये, असे तीत सुचविले आहे. नव्याने उद्भवलेल्या पाठ व मानदुखीतही अफूजन्य औषध निष्क्रिय गोळीहून सरस नाही, असे ऑस्ट्रेलियातील २०२३ च्या चाचणीत दिसले. त्याच देशात २०२४ मध्ये ७०१ जणांवर झालेल्या चाचणीत, बरे झाल्यावर मार्गदर्शनाखाली नियमित चालणाऱ्यांचे दुखणे परत येण्यास मध्यक मानाने २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांचे ११२ दिवसांत परतले. पट्ट्याला किंमत पडते, चालण्याला ती पडत नाही; तरीही ‘गॅप’ असलेल्या माणसाला पट्टा सयुक्तिक वाटतो आणि चालणे धोक्याचे वाटते. शब्दाने पसंती कशी फिरते, याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पायात उतरणारी तीव्र कळ दीड ते तीन महिने राहिलेल्या २८३ रुग्णांची हॉलंडमध्ये तुलना करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के बरे झालेले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही येथे सांगितले पाहिजे. म्हणजे प्रश्न बहुधा निवडीचा व सहनशक्तीचा आहे. आणि निवड करणाऱ्याला शब्दाने आधीच भयभीत केलेले नसावे.

५. जेथे थांबता येत नाही

घटनावाचक भाषेचाही एक धोका आहे : जे जाणार नाही, तेही जाईल असे ती सुचविते. लघवी अडणे अथवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील व बैठकीच्या भागाला बधिरपणा येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. मानेच्या दुखण्याबरोबर हातांची बोटे नीट चालेनाशी झाली किंवा चाल अडखळू लागली, तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता असते. ताप, विनाकारण घटणारे वजन, रात्री न थांबणारे दुखणे, पूर्वीचा कर्करोग किंवा मोठा अपघात यांपैकी काही असल्यास तपासणी लांबविता कामा नये. भारतात मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो, ही गोष्ट येथे विशेष लक्षात ठेवावी लागते. अशा वेळी निदानाचे कठोर नाव हेच दयेचे असते.

तात्पर्य, रोग्यापासून काही लपवावे असे येथे सुचवावयाचे नाही. ‘गॅप आहे’ या वाक्यापेक्षा ‘कंबर धरली आहे, चकतीत वयाप्रमाणे बदल दिसतात, सोसेल तसे हिंडते-फिरते राहिल्यास ती सुटेल’ हे वाक्य अधिक सौम्य आहे म्हणून नव्हे, तर अधिक खरे आहे म्हणून ग्राह्य ठरते. वैद्यकीय परिभाषेची मराठी घडण करताना आजवर मूळ संज्ञेशी इमान राखण्याचा विचार पुष्कळ झाला. ती संज्ञा रोग्याच्या कानी पडल्यावर तो उठून चालू लागतो की अंथरूण धरतो, हीही परिभाषेची एक कसोटी आहे. तिचा अभ्यास वैद्य आणि भाषाभ्यासक यांनी एकत्र बसूनच करावा लागेल. आणि त्यासाठी लागणारी क्रियापदे मराठीत आधीपासूनच आहेत.