मोशन म्हणजे नुसती पळापळ नव्हे

बुलढाण्यात कॉलेजच्या पोरापोरींना बास्केटबॉल शिकवताना पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो : "सर, मोशन ऑफेन्स म्हणजे सगळ्यांनी पळत राहायचं ना?"

नाही. त्यात ठरलेली चाल नसते, पण नियम असतात. पास दिला की जागेवर उभं राहायचं नाही. दोघांत चार-पाच मीटर अंतर ठेवायचं. मुख्य म्हणजे, समोरचा डिफेंडर काय करतो ते बघून कट मारायचा. तो बॉलच्या वाटेत आडवा आला, तर त्याच्या पाठीमागून थेट बास्केटकडे. मागे राहिला, तर बॉलकडे. खो-खो खेळलेल्यांना हे लवकर उमगतं. खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. इथे शिट्टी वाजत नाही, पण सोबत्याची स्क्रीन, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभी केलेली आड, लागायच्या आधी निघालं तर ती स्क्रीन फुकट जाते.

ही पद्धत एनबीएतून आली, असंही बरेच जण धरून चालतात. तिला आकार दिला तो अमेरिकेतल्या कॉलेजच्या प्रशिक्षकांनी. संयमाने बॉल फिरवत हँक आयबा यांच्या ओक्लाहोमा ए अँड एम संघाने १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ राष्ट्रीय कॉलेज विजेतेपदं मिळवली. पुढे बॉब नाइट यांनी इंडियाना विद्यापीठात ती आणखी घोटून घेतली. १९७५-७६ च्या हंगामात त्यांचा संघ सगळेच्या सगळे ३२ सामने जिंकला.

"आपली पोरं बुटकी, आपल्याला नाही जमणार," हे ऐकलं की मला वाईट वाटतं. १९९६ मध्ये प्रशिक्षक पीट कॅरिल यांच्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाने गतविजेत्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला ४३-४१ ने हरवलं. शेवटचे चार सेकंद उरले असताना डिफेंडरच्या पाठीमागून कट, एक बाउन्स पास आणि साधा लेअप. उंचीचा तिथे काही संबंधच नव्हता.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. नाइट यांचे जुने सामने बघून पोरं दहा-दहा पास करायला लागतात. पण १९७६ साली कॉलेजच्या सामन्यात शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची वेळमर्यादा, नव्हतंच. पुरुषांसाठी ते आलं १९८५-८६ मध्ये, ४५ सेकंदांचं. मग ३५, आणि २०१५-१६ पासून ३०. शिवाय १९८६-८७ पासून तीन गुणांची रेषा आली, त्यामुळे डिफेन्सला पसरावं लागलं आणि मधली जागा मोकळी झाली. आपण आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो, म्हणजे २४ सेकंद. त्यातले आठपर्यंत अर्धं मैदान ओलांडण्यातच जातात. उरले सोळा. तेवढ्यात तीन-चार चांगले पास होतात, जास्त नाही.

म्हणून सरावात मी ड्रिबल बंद करतो. चारास चार, फक्त पास आणि कट. मागच्या हिवाळ्यात संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलीने एक पाऊल बॉलकडे टाकलं, डिफेंडर झेपावली, आणि ही मागून निसटली. पास हातात पडला तेव्हा बास्केटखाली तिच्याशिवाय कोणीच नव्हतं.