अर्ज सतरा लाख, तरी पोलीस कमीच

नौपाड्यात राहणाऱ्या माणसाने पोलिसांच्या कमतरतेवर लिहावे, हे काहींना गमतीचे वाटेल. गोखले रोड, राममारुती रोड, घंटाळी हा ठाण्याचा जुना, गजबजलेला आणि तुलनेने निर्धास्त भाग. दिवाळी पहाटेला तर इथे पावलोपावली खाकी वर्दी दिसते. पण नौपाडा पोलीस ठाणे ज्या आयुक्तालयात मोडते, ते राममारुती रोडवर संपत नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत आज ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी शहरांची साखळी येते. २०११ च्या जनगणनेतले या सहा शहरांचे आकडे मी एकत्र केले, तेव्हा बेरीज सुमारे ४७ लाख आली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. घोडबंदर रोडवर, शिळफाट्याला, टिटवाळ्याकडे आणि बदलापूरच्या पलीकडे जे टॉवर उभे राहिले, त्यांतली माणसे कोणत्याच जनगणनेच्या हिशेबात नाहीत. पहाटेच्या गाण्यांना उभा असलेला शिपाई याच ४७ लाखांच्या वाट्याचा आहे.

पोलीस कमी आहेत, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचे राहून जाते. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतही ते सध्या ऐकू येते. लॉस एंजेलिसच्या पोलीस दलाची संख्या २०२३ मध्ये नऊ हजारांखाली गेली आणि ती वाढवणे हा तिथल्या महापौरांचा राजकीय प्रश्न झाला. तिथे अडचण अशी की पुरेसे लोक या नोकरीकडे वळत नाहीत. आपल्याकडे नेमके उलटे आहे. २०२४ साली महाराष्ट्रात १७,४७१ पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्याआधीच्या भरतीत १८,३३१ पदांना सुमारे अठरा लाख. (अर्ज म्हणजे माणसे नव्हेत, शिपाई, चालक, राज्य राखीव दल असे वेगवेगळे अर्ज एकच उमेदवार भरतो. तरीही आकडा प्रचंडच.) अर्जदारांत पदवीधर आणि अभियंतेही होते. तेव्हा तुटवडा इच्छुकांचा नाही. तो निर्णयांचा आणि वेळेचा आहे.

शिपाई निवृत्त झाला की त्याची जागा दुसऱ्या दिवशी भरली जात नाही. रिक्त पदांची गोळाबेरीज होते, वित्त विभागाची मान्यता लागते, मंत्रिमंडळ निर्णय घेते, शासन निर्णय निघतो, प्रत्येक घटकाची बिंदुनामावली तपासली जाते, मग जाहिरात. पुढे मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण केंद्रातले कित्येक महिने. २०२३ अखेरपर्यंतच्या रिक्त जागांची जाहिरात मार्च २०२४ मध्ये आली, मैदानी चाचणी जूनमध्ये झाली. मध्ये एखादी अडचण आली की सगळे ठप्प होते. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने १२,५३८ पदांची भरती मंजूर केली; आरक्षणाचा गुंता आणि कोविड यांत ती अडकून पडली. दरम्यान पोरांची वये उलटली. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पदांना मान्यता देताना, आधीच्या वर्षांत वयोमर्यादा ओलांडलेल्यांना एकवेळची सवलत द्यावी लागली. भरती दरवर्षी ठराविक महिन्यात होत असती, तर ही सवलत देण्याची आणि तिची घोषणा करण्याची वेळच आली नसती.

इथे पहिली राजकीय गोष्ट लक्षात येते. भरतीची चर्चा आपल्याकडे रोजगाराची चर्चा म्हणून होते. किती पदे, कोणत्या प्रवर्गाला किती, वयाची सवलत किती. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. बीड, जळगाव, लातूरकडच्या घरात वर्दी आली की त्या घराची एक पिढी सावरते. पण ती वर्दी शेवटी कोणत्या पोलीस ठाण्यात, किती तास, काय काम करणार आहे, हा प्रश्न त्या चर्चेत कोणी विचारत नाही.

निवडीची पद्धतही पाहण्यासारखी आहे. पुरुष उमेदवाराने १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत पार केले की पैकीच्या पैकी २० गुण. शंभर मीटर आणि गोळाफेक धरून मैदानी चाचणी ५० गुणांची. मग अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरणाची शंभर गुणांची लेखी परीक्षा. या धावेला इतिहास आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना चार उमेदवारांचा जीव गेला, त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. राखीव दलासाठी मात्र पाच किलोमीटर कायम राहिले आणि जून २०२४ मध्ये अंबरनाथजवळच्या बाळेगाव कॅम्पात धावताना आणखी एक तरुण कोसळला; कळव्याच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. पावसाळ्यात भरती घेतली गेली, बाहेरगावची मुले पुलाखाली आणि फुटपाथवर झोपली, आणि पहाटे त्यांनी धावावे अशी अपेक्षा होती.

आता पोलीस ठाण्याच्या आतला हिशेब. हा जरा सावकाश पाहू, कारण सगळी गोम इथे आहे. ठाणे अंमलदाराचे टेबल चोवीस तास चालू लागते. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठ तासांप्रमाणे सहा दिवस काम केले तर ४८ तास भरतात. म्हणजे एका खुर्चीला साडेतीन माणसे; रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा धरल्या की चारच्या पुढे. लॉकअपचा पहारा, वायरलेस, बीट मार्शल यांचेही तेच. अशा दहा जागा म्हटल्या तरी चाळीस माणसे केवळ ठाणे उघडे ठेवण्यात जातात. समन्स-वॉरंट बजावणारे, मुद्देमाल सांभाळणारे, संगणकावर नोंदी करणारे, पासपोर्टची पडताळणी करणारे आणि मुख्य म्हणजे तपास करणारे, हे सगळे त्या चाळिसांखेरीज.

माणसे नसली की काय करतात? ड्युटी बारा तासांची करतात. मग त्याच खुर्चीला १६८ भागिले ७२, म्हणजे अडीचपेक्षाही कमी माणसे पुरतात. कागदावर प्रश्न सुटतो. तुटवड्याची किंमत सरकारऐवजी शिपाई भरतो, तीही झोपेतून; आणि तो बदलापूरहून लोकलने येत असेल तर आणखी दोन-तीन तास त्यात मिळवा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. झडतीचे चित्रीकरण सक्तीचे झाले, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद झाली. सुधारणा चांगल्या आहेत, पण प्रत्येकीला माणसाचे तास लागतात.

या तासांवर पहिला डल्ला बंदोबस्ताचा. विष्णुनगरच्या भगवती शाळेच्या मैदानावरची दहीहंडी, टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव, पाडव्याची स्वागतयात्रा, दिवाळी पहाट. यांतला प्रत्येक उत्सव कोणत्या ना कोणत्या पक्षाचे शक्तिप्रदर्शनही असतो. २०२२ साली तलावपाळीच्या दिवाळी पहाटेची परवानगी शिवसेनेच्या कोणत्या गटाला, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. मला स्वतःला ही पहाट आवडते, दरवर्षी जातो. पण तिथे उभे राहणारे मनुष्यबळ कुठल्या तरी ठाण्याच्या तपासातून काढलेले असते, हे नाकारून चालत नाही.

दुसरा डल्ला संरक्षणाचा. २०२२ च्या सत्तांतरानंतर शिंदे गटाच्या आमदार-खासदारांना वाय-प्लस सुरक्षा मिळाली. अशा सुरक्षेत साधारण अकरा जण धरतात; पन्नास लोकप्रतिनिधी म्हटले तरी साडेपाचशे होतात. हे सगळे ठाण्यातले नव्हते. पण तुलना म्हणून पाहा: ठाणे आयुक्तालयात तीसहून अधिक पोलीस ठाणी आहेत, प्रत्येकाला पंधराच्या वर माणसे मिळाली असती. त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी निर्भया निधीतून घेतलेल्या बोलेरो गाड्यांपैकी काही या सुरक्षेसाठी वळवल्याचे उघड झाले. महिलांच्या सुरक्षेसाठी घेतलेली गाडी आमदारामागे धावताना पाहून विरोधकांनी गदारोळ केला, तो रास्त होता. २०२५ च्या सुरुवातीला अनेकांची सुरक्षा कमी केली गेली, तेव्हा त्याचीही चर्चा महायुतीतली कुरबुर म्हणूनच झाली. सुटलेले पोलीस कुठे गेले, हे कोणी विचारले नाही.

तात्पुरता उपाय म्हणून जुलै २०२३ मध्ये राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान मुंबई पोलिसांना देण्याचा निर्णय झाला. ही कंत्राटी भरती नव्हे, असे सरकारने सांगितले. पहाऱ्यासाठी ते चालेलही. पण पंचनामा लिहिणारा आणि कोर्टात साक्ष देणारा माणूस असा उसना आणता येत नाही.

आपल्या पट्ट्यात याचे राजकारण किती टोकाला गेले, त्याची दोन उदाहरणे २०२४ मधली. २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघेही सत्ताधारी बाजूचे. त्याच वर्षी कल्याण पूर्वेतून आमदारांच्या पत्नी सुलभा गायकवाड भाजपकडून निवडून आल्या. दुसरे बदलापूरचे. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराची तक्रार नोंदवायला सुमारे बारा तास लागले. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवली, पोलीस निलंबित झाले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलीस व्हॅनमध्येच गोळी लागून मेला. त्यावर फलक लागले, पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांवर ठपका ठेवला.

ते बारा तास केवळ माणसे कमी म्हणून गेले, असे मी म्हणणार नाही, अनास्थाही होतीच. पण तक्रारदार आईला बसवून घेऊन जबाब लिहिणारी प्रशिक्षित महिला अधिकारी प्रत्येक ठाण्यात प्रत्येक पाळीला असावी, ही मागणी त्या फलकांवर कुठे नव्हती. गोळीचा फलक लावता येतो, ड्युटीच्या तक्त्याचा लावता येत नाही.

महापालिका निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. तोवर कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. अशा निवडणुकांत इच्छुकांच्या पत्रकांत ‘सुरक्षित प्रभाग’ हा शब्द हमखास दिसतो. पण पोलीस हा राज्याचा विषय. लॉस एंजेलिसमध्ये पोलीसप्रमुख नेमण्यात महापौरांचा शब्द चालतो. ठाण्याच्या महापौराला नौपाड्यात एक शिपाई वाढवण्याचाही अधिकार नाही. नगरसेवक फार तर दिवे आणि कॅमेरे लावू शकतो. कॅमेऱ्यात दिसलेले पाहायला आणि तिथे धावून जायला पुन्हा माणूसच लागतो.

खुद्द पोलिसांनी हे मांडावे म्हटले, तर ऑगस्ट १९८२ च्या मुंबईतल्या पोलीस बंडानंतर तो दरवाजा बंदच झाला. तेव्हापासून शिपायांचे गाऱ्हाणे बहुधा त्यांच्या बायका मांडतात. तरीही एक वाट आतूनच निघाली होती. मे २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तीही एका शिपायानेच सुचवलेल्या आराखड्यावरून. पुढे ती मुंबईतल्या इतर ठाण्यांत नेली. नवे मनुष्यबळ येण्याची वाट न पाहता, आहे त्याच माणसांची मांडणी बदलून ती सुरू झाली, हे विशेष.

ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या पंधरा हजारांतला शिपाई जाहिरात, मैदान, लेखी परीक्षा आणि प्रशिक्षण ओलांडून ठाण्याच्या हजेरीपटावर येईपर्यंत, आधीच्या भरतीचा वेग पाहता, २०२७ उजाडेल. तोवर किती जण निवृत्त झालेले असतील, हे आस्थापना शाखेला आजच ठाऊक आहे. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते.