बटण कोणतं दाबलं, आणि का दाबलं?

'पेपर्स, प्लीज' नावाचा एक गेम आहे. लुकस पोप यांनी बनवलेला, २०१३ साली आलेला. त्यात तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे तपासनीस असता. समोर रांग असते, तुम्ही कागदपत्रं तपासायची आणि शिक्का मारायचा. जितकी माणसं तपासाल तितका पगार. त्या पगारातून घरभाडं, जेवण, शेकोटी आणि घरच्यांची औषधं.

पाचव्या दिवशी एक नवरा येतो. त्याचे कागद बरोबर असतात. जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते तेव्हा तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नसतो. परत गेले तर मला मारतील, असं ती म्हणते. आता शिक्का कोणता मारायचा?

माझी हॉस्टेलमधली रूममेट हा गेम खेळत होती आणि मी शेजारी वही घेऊन बसले होते. पीएचडीचा विषय ठरून दोनच महिने झाले होते, त्यामुळे उत्साह भरपूर. तिने नकाराचा शिक्का मारला. मी वहीत लिहिलं, 'नियम महत्त्वाचे, माणूस दुय्यम'. रात्री मेसमध्ये तिला सहज विचारलं, तर म्हणाली, "अगं, त्या दिवशी आधीच दोन चुका झाल्या होत्या. तिसरी झाली असती तर दंड बसला असता. घरी पोरगा आजारी होता ना माझा."

माझी नोंद तिथेच कोसळली. तिने नियमासाठी नाही, घरच्या माणसासाठी शिक्का मारला होता. या लेखात मला एवढंच सांगायचंय: खेळाडूने काय निवडलं हे मोजणं सोपं आहे, पण ती निवड म्हणजे त्याची नीतिमत्ता असं धरून चाललात तर अख्खा अभ्यास चुकीच्या पायावर उभा राहतो.

आधी संशोधन काय सांगतं ते बघू.

या क्षेत्रात नीतिमूल्यांचा पाया, म्हणजे मॉरल फाउंडेशन्स, ही मांडणी खूप वापरली जाते. जोनाथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही मांडणी. ढोबळपणे त्यात पाच मूल्यं येतात: इतरांची काळजी, न्याय, आपल्या गटाशी निष्ठा, अधिकाराचा मान आणि पावित्र्य. कोणाला कुठलं मूल्य किती जवळचं, ते प्रश्नावलीने मोजतात.

२०१२ साली अँड्र्यू वीव्हर आणि निकी लुईस यांनी ७५ जणांना ही प्रश्नावली दिली आणि मग 'फॉलआउट ३' या गेमचा पहिला भाग खेळायला लावला. बहुतेक जण गेममधल्या पात्रांशी खऱ्या माणसांशी वागावं तसे वागले, आणि त्यांच्या निवडींचा त्यांच्या मूल्यांशी संबंध दिसला. गेममध्ये वाईट वागलेल्यांना अपराधी जास्त वाटलं, पण मजा कमी झाली नाही. या शेवटच्या वाक्यावर थांबा. अपराधीपणा आणि आनंद एकाच वेळी असू शकतात, म्हणजे 'मजा आली का?' एवढंच विचारलंत तर अर्धी गोष्ट हातातून निसटते.

त्याच वर्षी स्वेन योकेल, निकोलस बोमन आणि लेला डोग्रुएल यांचा अभ्यास आला. त्यांचा प्रश्न होता, खेळाडू आतल्या आवाजाने ठरवतो की खेळ म्हणून? उत्तर फार सुंदर आहे. जे मूल्य खेळाडूला जवळचं होतं, ते मोडण्याचा प्रसंग आला की तो सहसा मागे हटायचा. जे मूल्य त्याच्या लेखी फारसं नव्हतं, तिथे मात्र निवड जवळपास नाणं उडवल्यासारखी, निम्मी-निम्मी. म्हणजे 'आतला आवाज की खेळ' याचं एकच उत्तर नाही. एकाच माणसाला एक प्रसंग नैतिक वाटतो आणि पुढचा नुसता खेळ.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं, प्रश्नावली द्यायची, निवडी मोजायच्या, सहसंबंध काढायचा. मलाही तसंच वाटलं होतं. अडचण अशी की निवडीमध्ये खेळाडूच्या मूल्यांशिवाय आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे किंमत. 'पेपर्स, प्लीज'मध्ये दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, दंड तिसरीपासून. त्यामुळे त्या बाईला आत सोडणं हे एका खेळाडूसाठी फुकट असतं, तर दुसऱ्यासाठी पोराच्या औषधाचे पैसे. प्रसंग तोच, शिक्का तोच, पण त्याग सारखा नाही. २००७ चा 'बायोशॉक' घ्या. त्यात लहान मुलींना वाचवायचं की त्यांचा बळी देऊन ताकद मिळवायची, असा पेच आहे. बळी दिला तर १६० एकक मिळतात, वाचवलं तर ८०. पण तीन मुली वाचवल्या की २०० एककांची भेट येते. हिशोब करा: तीन बळींचे ४८०, तीन वाचवल्याचे ४४०. वरून मोठा त्याग दिसतो, प्रत्यक्षात फरक अगदी थोडा. हे माहीत असलेल्या आणि नसलेल्या खेळाडूची निवड एकाच रकान्यात टाकणं म्हणजे आंबे आणि बटाटे एकत्र मोजणं.

दुसरी गोष्ट म्हणजे गेमची रचना. 'मास इफेक्ट'वर काम केलेल्या जॉन एबेंगर यांनी २०२० मध्ये ट्विटरवर लिहिलं होतं की साधारण ९२ टक्के खेळाडूंनी 'पॅरागॉन', म्हणजे सज्जनपणाचा मार्ग धरला. हा आकडा सगळीकडे फिरला, 'माणूस मुळात चांगला असतो' याचा पुरावा म्हणून. पण या गेममध्ये त्या मार्गाचे गुण साठतात, आणि दुसऱ्या भागात तर ते पुरेसे नसतील तर संवादातले काही पर्याय उघडतच नाहीत. एकदा एका बाजूला लागलात की तिथेच राहणं फायद्याचं. मग ते ९२ टक्के चांगुलपणाचे किती आणि गुणांच्या हिशोबाचे किती? नुसत्या आकड्यावरून सांगता येणार नाही.

'द वॉकिंग डेड' (२०१२) मध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी इतर खेळाडूंनी काय निवडलं त्याची टक्केवारी दिसते. पहिल्या भागात डग आणि कार्ली यांपैकी एकालाच वाचवता येतं. कार्ली उत्तम नेम धरते. मग तिला वाचवणाऱ्याने जीव वाचवला की बंदूक? टक्केवारी दोघांना एकाच खान्यात टाकते.

मग करायचं काय? मी आता तीन गोष्टी पाळते.

एक, गेम आधी स्वतः पूर्ण खेळा आणि प्रत्येक निवडीपुढे तिची किंमत लिहा. दंड किती, बक्षीस काय, आणि मुख्य म्हणजे हे खेळाडूला त्या क्षणी माहीत असतं का.

दोन, खेळताना मोठ्याने विचार करायला सांगा. मरीना क्रचमार आणि ड्र्यू सिंगल यांनी 'फॉलआउट ३'वर नेमकं हेच केलं. खेळाडूंच्या बोलण्यात डावपेच आणि नीती दोन्ही सापडले. नुसत्या निवडींच्या नोंदीत हे वेगळं करता आलं नसतं. अर्थात बोलायला लावल्याने निवड बदलूही शकते, तेव्हा काहींना बोलायला लावा, काहींना खेळून झाल्यावर विचारा आणि तुलना करा.

तीन, खेळाडू पहिल्यांदा खेळतोय का, आणि त्याने मागे जाऊन सेव्ह पुन्हा उघडला का, याची नोंद ठेवा. दुसऱ्या खेपेला बरेच जण 'बघू तरी काय होतं' म्हणून वाईट वागतात. ते कुतूहल आहे, क्रौर्य नव्हे.

हे फक्त गेमपुरतं नाही. तुमचा विषय मतदान असो, खरेदी असो की रुग्णांचं औषध घेणं, दिसणारं वागणं आणि त्यामागचं कारण यांच्यात जे अंतर असतं, तिथेच तुमचा संशोधनप्रश्न असतो. गाइड सिनॉप्सिसवर लाल पेनाने 'हे नक्की काय मोजतंय?' असं लिहितात ना, त्याचा अर्थ हाच. माझ्यावर तीनदा लिहून आलं.

वहीतली ती पहिली नोंद मी खोडलेली नाही. तिच्या शेजारी नंतर एवढंच लिहिलं: 'तिसरी चूक. पोरगा आजारी. आधी विचारायला हवं होतं.' आता माझ्या नोंदवहीत निवडीच्या रकान्यापुढे कारणाचा रकाना असतो, आणि तो मी स्वतः भरत नाही. खेळणाऱ्याला विचारून भरते.