टर्बो सगळ्यात शेवटी
जुन्या गाडीचा नवा जन्म : भाग सहावा

पत्रा झाला, ब्रेक झाले, पाटे आणि शॉकअपही झाले. आता बॉनेट उघडायला हरकत नाही. टर्बोचा भाग कधी येणार, असं पहिल्या आठवड्यापासून विचारणारे वाचक आहेत. तो मुद्दाम मागे ठेवला. ही लेखमाला ज्या क्रमाने चालली आहे त्याच क्रमाने गाडी बांधायची असते आणि त्या क्रमात टर्बो शेवटी येतो. का, ते आज पाहू.

गाडी कोणती?

१९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड घेतल्या, मडगार्ड उतरवून वजन कमी केलं, इंजिनं फुलवली आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात त्या पळवून पाहिल्या. हॉट रॉडची सुरुवात ही. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-एट इंजिन दिलं, तेव्हा या मंडळींच्या हाती घबाडच लागलं. त्यांची निवड साधी होती. जी गाडी गल्लोगल्ली होती, जिचे भाग भंगारात मिळत आणि जी प्रत्येक मेकॅनिकला तोंडपाठ होती, ती त्यांनी घेतली.

हाच निकष ठाणे-कल्याण पट्ट्याला लावला, तर उत्तर एकच येतं : प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली. १९६४ची फियाट ११०० डिलाइट, पुढे प्रेसिडेंट, १९७४पासून पद्मिनी. नावं बदलली, सांगाडा तोच राहिला. त्याच कंपनीचा दुसरा कारखाना आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार होत असे. कारखाना गेला, पण डोंबिवलीकर आजही त्या परिसराला ‘प्रीमियर’ म्हणूनच ओळखतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचे भाग शोधता येतात आणि लेथ, क्रँक ग्राइंडिंग, फॅब्रिकेशनची कामं करणारे हात वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंत आहेत. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणजे हीच वागळे इस्टेट. एक-दोन नग बनवून देणारा टर्नर घराजवळ असणं ही हॉट रॉड बांधणाऱ्याची खरी श्रीमंती आहे.

इंजिन किती सोसेल?

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ताकद साधारण ४० अश्वशक्ती. त्या काळच्या हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालावं म्हणून कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं, आणि टर्बोसाठी ही गोष्ट सोयीची आहे. अडचण खाली आहे. या इंजिनाचा क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनात अशी पाच बेअरिंग असतात आणि प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना आधार मिळतो. पद्मिनीत दोन-दोन सिलिंडरमागे एक टप्पा मोकळा राहतो. दाब वाढवला की तिथे क्रँक वाकू पाहतो. म्हणून या इंजिनाला टर्बोचा दाब अर्ध्या बारच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सात पीएसआयच्या पुढे नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा दाब द्यायच्या आधी इंजिन पूर्ण उतरवावं लागतं. क्रँकला तडा आहे का, ते चुंबकीय चाचणी करून पाहायचं. मग हेड. जाणता कारागीर हेड साफ करून उलटं ठेवतो, त्यावर पोलादी पट्टी आधी लांबीत, मग दोन्ही कर्णांवर आडवी धरतो आणि पट्टीखाली फीलर गेजचं पाच शतांश मिलिमीटरचं पान सरकवून पाहतो. पान कुठे सहज शिरलं, तर तिथूनच पुढे हेड गॅस्केट उडणार. अशा हेडला फेसिंग केल्याशिवाय ते परत चढवायचं नाही. फेसिंग करतानाही कमीत कमी धातू काढायचा, कारण हेड जितकं घासाल तितकं कॉम्प्रेशन वाढतं आणि टर्बोसाठी मिळालेली सवलत कमी होत जाते.

हवेचा हिशेब

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट १९०५चं. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद.

कागदावर अर्धा बार दाब म्हणजे दीडपट हवा. चाळीसचे साठ व्हायला हवेत. होत नाहीत, कारण हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ होते. मे महिन्यातली डोंबिवलीची दुपार धरू. ३६ अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडते तेव्हा नव्वदच्या वर गेलेली असते. दीडपट हवेतली प्रत्यक्षात सव्वापटच पदरात पडते आणि ४०चे जेमतेम ५० होतात. मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा ५५ अंशांपर्यंत उतरवली, तर आकडा ५६च्या आसपास जातो. म्हणून पुढच्या जाळीमागे इंटरकूलरला मोकळी जागा आणि समोरून वारा मिळेल अशी मांडणी आधी ठरवायची, टर्बो कुठे बसेल ते नंतर. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नये म्हणून जादा वायू बाजूने सोडणारा वेस्टगेटही हवाच.

तापलेल्या हवेचा दुसरा धोका नॉकिंग. ठिणगीची ज्वाला पोहोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोची गाडी बाजारात आणली, तेव्हा नॉकिंग रोखायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय तिच्यात करावी लागली होती. आज हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. दाब चढताना ठिणगी थोडी उशिरा टाकायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. एरवी एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. दाबाखाली ती १२ किलोच्या आसपास ठेवायची. जुना कार्बोरेटर आणि पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर हे नेमकेपणाने करू शकत नाहीत. त्यामुळे इंजेक्शन आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू यांचा खर्च टर्बोच्या खर्चातच धरा.

तेल, पेट्रोल आणि कुर्ल्याचा टर्बो

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. इंजिनातून त्याला दाबाचं तेल बारीक नळीने मिळतं. परतीची नळी मात्र जाड असावी आणि सरळ खाली उतरावी, कारण ते तेल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरकडे जातं. नळीला बाक आला, की तेल टर्बोत तुंबतं, सील ओलांडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू होतो. असा धूर दिसला की बरेच जण टर्बो गेला म्हणून नवा आणतात. आधी नळी बघा.

सीएसटी रोडवर सहज मिळणारा लहान टर्बो बहुतेक वेळा १२४८ सीसीच्या डिझेल गाडीतला असतो. हे इंजिन आपल्या रांजणगावातही बनत असे आणि मुळात फियाटचंच, त्यामुळे मोह होतो. मापाने तो पद्मिनीच्या जवळपास बसतोही. पण डिझेल इंजिनाचा धूर पेट्रोल इंजिनाच्या धुरापेक्षा थंड असतो. पेट्रोल इंजिनाचा वायू जोरात चालवताना नऊशे अंशांच्या घरात जातो आणि डिझेलसाठी बनवलेलं चक्र व घर तेवढी उष्णता फार काळ सोसत नाहीत. पेट्रोलसाठीच बनवलेला टर्बो घ्या. वापरलेला असेल तर दांडा बोटात धरून वरखाली हलवून पाहा. किंचित हलणं ठीक. पण चक्राचं पातं घराला टेकत असेल तर तो परत करा.

पेट्रोलचंही लक्षात घ्या. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल नॉकिंग रोखतं, म्हणजे टर्बोला ते मानवतं. पण ते पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि त्याच हवेला जास्त इंधन मागतं. नळ्या, डायफ्रॅम आणि सील इथेनॉल सोसणारे बसवल्याशिवाय आणि ईसीयूची सेटिंग त्या पेट्रोलवर केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. गरम इंजिनाच्या खोक्यात पेट्रोलची एक चिरलेली नळी म्हणजे आग.

आधी ब्रेक का?

ताशी ८० किलोमीटरऐवजी ११० ने धावणारी गाडी थांबवायला जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. ते दोन-तीन जोरदार ब्रेकमध्ये तापतात आणि पकड सोडतात. ब्रेकच्या भागात पुढच्या चाकांना डिस्क बसवायचा आग्रह धरला तो याच हिशेबाने. ताकद वाढवणं पैशाने होतं. थांबणं मात्र आधी बांधून ठेवावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. एमएच-०४ असो की एमएच-०५, टर्बो लावलेली पद्मिनी घोडबंदर रोडवर रोज फिरवण्यासाठी नाही. ती बंदिस्त ट्रॅकसाठी किंवा अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होतात तशा अधिकृत शर्यतींसाठी बांधायची आणि तिथे ट्रेलरवरून न्यायची.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि नव्याने नोंदवताना तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. टर्बो लावलात, की हा हक्क गेला. म्हणून माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे : आजोबांची डिलाइट, प्रेसिडेंट किंवा सुरुवातीच्या वर्षांतली पद्मिनी अजून मूळ रूपात उभी असेल, तर तिला हात लावू नका. तिची नोंदणी करा आणि ती जपा. हॉट रॉडसाठी ऐंशी-नव्वदच्या दशकातली, इंजिन बसलेली, भंगारात निघालेली पद्मिनी शोधा. तिला वाचवलं तर एक गाडी वाढते. पहिलीला कापलं तर एक कायमची कमी होते.

पुढच्या आठवड्यात : वायरिंग, ईसीयू आणि पहिला स्टार्ट.