जठर नसलेला मासा आणि खाद्यातले विकर

रोहू, कटला आणि मृगळ या माशांना जठर नसते. घशातल्या दातांनी चिरडलेले खाद्य थेट आतड्यात उतरते. तिथे आम्ल नाही, प्रथिने फोडणारे पेप्सिनही नाही. खाद्यात बाहेरून विकर, म्हणजे एन्झाइम, मिसळायचे असेल तर विचार इथूनच सुरू करावा लागतो.

माशांच्या खाद्यातले फिशमील, म्हणजे मासळीची भुकटी, महागले तशी त्याची जागा सोयाबीन पेंड, शेंगदाणा पेंड आणि भाताच्या कोंड्याने घेतली. बियांमधला सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो. तो मोकळा करणारे फायटेज माशांच्या आतड्यात जवळजवळ नसतेच. फायटेट जस्त, कॅल्शियम आणि प्रथिनेही धरून ठेवते. त्यामुळे माशाची हाडे कच्ची राहतात आणि विष्ठेतून गेलेला फॉस्फरस तळ्यात शेवाळ माजवतो. अशा दाट हिरव्या पाण्यातला प्राणवायू पहाटे संपत येतो, आणि मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात.

फायटेज १९९१ साली बाजारात आले ते डुकरे-कोंबड्यांसाठी. बुरशीपासून मिळणारे फायटेज आम्लात, साधारण २.५ आणि ५.५ सामूला (पीएच), उत्तम चालते. तिलापियाच्या जठरात आम्ल असते, म्हणून तिथे त्याला वाव मिळतो. रोहूचे आतडे मात्र उदासीन ते किंचित अल्कधर्मी. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी रोहूच्या पिलांच्या खाद्यात किलोमागे ५०० युनिट फायटेज आणि ३ टक्के सायट्रिक आम्ल देऊन पाहिले. या जोडीने हाडांतला खनिजसाठा सुधारला. पेंड आधी ओलसर करून, फायटेज लावून मुरू देणे हा दुसरा मार्ग.

झायलनेज आणि सेल्युलेज कोंड्यातल्या चिवट तंतूंवर काम करतात, प्रोटीएज प्रथिनांवर. पचनसंस्था अपरिपक्व असलेल्या पिलांना प्रोटीएजचा उपयोग होऊ शकतो. उत्तम फिशमीलवर वाढणाऱ्या माशांना मात्र फायटेजवर पैसे खर्चून फारसे काही मिळत नाही.

खरा घात उष्णता करते. तरंगते खाद्य बनवताना यंत्रात तापमान शंभर अंशांवर जाते आणि त्यात बहुतेक विकरे निकामी होतात. म्हणून ती, गोळ्या थंड झाल्यावर, शक्यतो तेलातून फवारावीत. तेलाचा लेप नसेल तर विकर पाण्यात झपाट्याने विरघळून जाते. पुडीवर नुसते ‘एन्झाइम मिक्स’ लिहिलेले पुरेसे नाही. कोणते विकर, ग्रॅममागे किती युनिट आणि किती तापमानापर्यंत टिकणारे, हे छापलेले नसेल तर तो माल घेऊ नये.