आईच्या मशीनवरचा अंतराळवीर

दोस्तांनो, स्नेहसंमेलनात अंतराळवीर व्हायचंय? मग आईला मस्का लावा! १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगचा २१ थरांचा पोशाखसुद्धा शिवणकाम करणाऱ्या बायकांनीच मशीनवर शिवला होता. सातारा-सांगलीकडे सामानाला काय तोटा? बाबांचा जुना पांढरा शर्ट-पायजमा बेतून घ्या. पांढराच का? तो उन्हाची उष्णता परतवतो. तासगावच्या द्राक्षांचं नाहीतर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं रिकामं खोकं पाठीवर बांधा; खऱ्या अंतराळवीराचा प्राणवायू तिथेच असतो.

शिरस्त्राण मात्र पुठ्ठ्याचं, समोरून उघडं हवं. प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावरून कधीच ओढायची नाही, गंमत म्हणूनही नाही, जीव गुदमरतो. आणि रंगमंचावर डुलत, सावकाश उड्या मारत या. चंद्रावर आपलं वजन सहावा हिस्साच भरतं ना!