मुखत्यारामागचा नोड : वाट कोठे तुटली?



बिटकॉइन हे नाव आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या टापूत आले ते दोन वाटांनी. एक वाट भावांच्या आकड्यांची आणि दुसरी फसवणुकीच्या बातम्यांची. २०१८ साली पुणे पोलिसांनी ‘गेनबिटकॉइन’ योजनेच्या प्रवर्तकाला अटक केली. दरमहा शेकडा दहा परतावा अठरा महिने मिळेल, या भरवशावर हजारो लोकांनी त्या योजनेत आपली पुंजी घातली होती. त्यांना दिसत होते ते दुसऱ्याच्या पडद्यावरचे आकडे. नोड घरात असता तर ती योजना बुडाली नसती, असे माझे म्हणणे नाही. लोभाला कोणतेच यंत्र आवरीत नाही. पण आपले म्हणून दाखविलेले नाणे खतावणीत खरोखर आहे की नाही, हे ज्याचे त्याला पडताळता येते आणि त्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही, एवढे तरी कळले असते.

नोड म्हणजे घरच्या संगणकावर चालणारी एक आज्ञावली. बिटकॉइनची खतावणी ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. तेव्हापासूनचे प्रत्येक पान, ज्याला ब्लॉक म्हणतात, ही आज्ञावली उतरवून घेते आणि स्वतः तपासते. आज ही खतावणी सहाशे गिगाबाइटांहून मोठी आहे. नोडमध्ये पैसा ठेवलाच पाहिजे असे नाही. त्याचे काम हिशेबनिसाचे आहे. कायद्याविषयी एवढेच सांगतो की, रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे बंधन सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले, आणि १ एप्रिल २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर शेकडा तीस कर आहे. पडद्याआड बसल्याने तो कर चुकत नाही, आणि तो चुकविण्यासाठी हा पडदा सांगितलेलाही नाही.

मग पडदा कशाला? हिशेबनीस एकटा बसून चालत नाही. त्याला इतर नोडांशी, म्हणजे शेजाऱ्यांशी, सतत बोलावे लागते, आणि बोलताना आपला इंटरनेटवरील पत्ता द्यावा लागतो. त्या पत्त्यावरून गाव सहज कळते, आणि जोडणी देणाऱ्याच्या दप्तरातून घरही कळू शकते. बँकेतील पैसा लुटला गेला तर दाद मागण्यास जागा असते. येथे किल्ली हातची गेली की पैसा गेला. ‘अमुक घरात बिटकॉइनवाला राहतो’ ही बातमी जगभर वाटणे हे शहाणपणाचे नव्हे. म्हणून पुष्कळ लोक नोडपुढे एक मुखत्यार बसवितात. इंग्रजी परिभाषेत त्याला प्रॉक्सी म्हणतात, आणि त्यांतील सर्वांत प्रचलित म्हणजे टॉर.

टॉरची कल्पना अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात निघाली. तिला ‘कांद्याची वाट’ असे नाव आहे. आपला डबेवाला डब्याच्या झाकणावरील खुणा वाचतो. डबा कोठून निघाला आणि कोठे जाणार, हे त्या खुणांत असते. टॉरमध्ये याच्या नेमके उलट आहे. लिफाफ्यात लिफाफा आणि त्यात तिसरा लिफाफा. पहिल्या हमालाला पाठविणारा माहीत, पण शेवटचे ठिकाण नाही; तिसऱ्याला ठिकाण माहीत, पण पाठविणारा नाही; मधल्याला दोन्ही नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एके दिवशी नोडचे शेजारी शून्य होतात. अशा वेळी पहिला मोह होतो तो मुखत्याराला क्षणभर बाजूला सारून ‘बघू या चालते का’ म्हणण्याचा. हा मोह टाळावा. त्या एका मिनिटात नोड आपला खरा पत्ता घेऊन शेजाऱ्यांच्या दारात जातो, आणि सांगितलेला पत्ता परत घेता येत नाही. नोडमध्येच पैशाचे पाकीट असेल आणि एखादा व्यवहार पाठवावयाचा राहिला असेल, तर तोही त्याच उघड्या वाटेने बाहेर पडू शकतो. दुरुस्ती करावयाची ती पडदा न उचलता.

नळ कोरडा पडला की आपण काय करतो? एकदम बारवी धरणावर जात नाही, आणि घरातली तोटीही फोडीत नाही. शेजारच्या घरी पाणी आहे का, गच्चीवरच्या टाकीत आहे का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, असे टप्प्याटप्प्याने पाहतो. येथेही तसेच. जोडणी, घड्याळ, टॉर, टॉरचे दार आणि शेवटी नोड, या क्रमाने जावे. नोडच्या सेटिंगा उलथ्यापालथ्या करून बसणारे लोक फार, आणि दोष बहुधा अलीकडेच असतो.

घरात इतर यंत्रांवर इंटरनेट चालते की नाही, हे पाहण्यास अक्कल लागत नाही. घड्याळाची गोष्ट मात्र विस्ताराने सांगण्यासारखी आहे. नोडसाठी लोक रास्पबेरी पाय नावाचे तळहाताएवढे यंत्र वापरतात. त्याच्या जुन्या नमुन्यांत वीज गेल्यावर वेळ राखणारे घड्याळच नसते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती. अशा पावसात वीज दोन दिवस गेली, तर हे यंत्र जागे होते तेव्हा त्याच्या मते दोन दिवसांपूर्वीचीच वेळ असते. एरवी ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेते. पण ज्याने अतिदक्षतेने ‘सर्व काही टॉरमधूनच जावे’ असा कडेकोट बंदोबस्त केला आहे, त्याचे यंत्र अडकते. वेळ विचारण्याचा निरोप यूडीपी पद्धतीचा असतो, आणि टॉर फक्त टीसीपी पद्धतीचे निरोप वाहते. वेळ चुकली म्हणून टॉर नीट चालत नाही, आणि टॉरखेरीज दुसरी वाट नाही म्हणून वेळ सुधारत नाही!

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली असतील तर आणखी एक गंमत होते. एक प्रणाली यंत्रातील घड्याळ भारतीय वेळेवर समजते, दुसरी ग्रिनिचच्या वेळेवर. चूक बरोबर साडेपाच तासांची दिसली की कारण हेच समजावे. घड्याळ मागे असेल तर नोडलाही बाधा होते. कारण आपल्या घड्याळाच्या दोन तासांहून अधिक पुढची वेळ असलेला ब्लॉक नोड स्वीकारीत नाही. ताजे खरे पान त्याला भविष्यातले वाटते.

घड्याळ ठीक असेल तर टॉरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडावी. टॉर आपली तयारी शेकड्यात लिहिते, आणि शंभराचा आकडा दिसेपर्यंत नोडला दोष देण्यात अर्थ नाही. आकडा मध्येच खिळला आणि घड्याळाची तक्रार नसेल, तर जोडणीवर कोठे तरी अडथळा आहे. अशा वेळी ‘ब्रिज’ म्हणून जे अप्रकट प्रवेशमार्ग टॉरने ठेवले आहेत ते वापरून पाहावेत.

शंभर झाले, तरी नोड मुका? मग दाराचा क्रमांक पाहा. स्वतंत्र सेवा म्हणून चालणारे टॉर ९०५० क्रमांकाच्या दारावर बसते. टॉर ब्राउझरमधले ९१५० वर, आणि ब्राउझर बंद केला की तेही उठून जाते. नोडला ९०५० सांगितले आणि चालू आहे फक्त ब्राउझर, हा घोटाळा अगदी नेहमीचा. येथे चुकीच्या संदेशाचे शब्द नीट वाचावेत. ‘जोडणी नाकारली’ याचा अर्थ त्या दारापाशी कोणी बसलेलेच नाही. दोष आपल्याच घरात. ‘मुदत संपली’ किंवा ‘यजमान सापडत नाही’ याचा अर्थ मुखत्यार भेटला, पण पुढची वाट लागली नाही. हा दुसरा संदेश अधूनमधून दिसला तर मुळीच घाबरू नये, कारण बंद पडलेले नोड जगात पुष्कळ आहेत. प्रत्येक पत्त्यावर तोच संदेश येऊ लागला, तरच चिंता.

जुन्या लेखांतून उतरवून घेतलेले शेजाऱ्यांचे पत्तेही तपासावेत. सोळा अक्षरांचे कांदापत्ते टॉरने २०२१ साली बंद केले. आजचे पत्ते छप्पन्न अक्षरांचे असतात.

पडदा खरोखर लागला आहे का, हेही या निमित्ताने पाहून घ्यावे. नोडला त्याच्या जाळ्यांची माहिती विचारली की प्रत्येक जाळ्यापुढे मुखत्याराचा पत्ता दिसतो. साध्या आयपीव्ही४ जाळ्यापुढे ती जागा रिकामी असेल आणि ते जाळे चालू असेल, तर नोड तेथे उघड्या तोंडाने फिरत आहे. कांदापत्त्यांपुरताच मुखत्यार नेमला की असे होते.

पुष्कळांची तक्रार निराळी असते. बाहेर जाणाऱ्या जोडण्या दहा आहेत, पण आत कोणी येत नाही. हा आजारच नव्हे. बाहेरच्या दहा जोडण्यांवर नोड आपले काम पुरे करतो. आतल्या जोडण्या हा दुसऱ्यांवर उपकार आहे. तो करावयाचा असेल तर बिटकॉइन कोअरची एक सवय ध्यानात ठेवावी. मुखत्यार नेमला की ते आपण होऊन पाहुणे घेणे बंद करते. ‘लिसन’ ही सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय कांदापत्ता आपोआप मिळावा म्हणून नोडला टॉरच्या ९०५१ या नियंत्रणदाराची कुकी, म्हणजे परवलीची फाइल, वाचता आली पाहिजे. नोड चालविणारा वापरकर्ता टॉरच्या गटात नसेल तर ती त्याला वाचता येत नाही.

केबलवाल्याकडे पत्त्यासाठी खेटे घालण्याचे मात्र कारण नाही. उल्हासनगरच्या जुन्या छावणीत बॅरेकचा नंबर एक आणि आत खोल्या अनेक, तसे आज पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो. बाहेरून आलेल्याला नेमकी खोली सापडत नाही. टॉरमध्ये आपणच आतून बाहेर जाऊन ठरल्या जागी पाहुण्याला भेटतो, म्हणून ही अडचण राहत नाही.

जोडणी लागली, तरी नोड ताज्या पानावर आहे का? ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, म्हणजे दिवसाला १४४. पण ही सरासरी आहे, रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. शक्यतेच्या गणिताने तासभराची खोटी चारशे ब्लॉकांत एकदा, म्हणजे दोन-तीन दिवसांनी एकदा पडते. दोन तासांची खोटी मात्र तीनेक वर्षांतून एकदाच अपेक्षित आहे. तासाभराने चुळबुळ करू नये. दोन तास झाले तर उठून पाहावे. याहून वाईट शक्यता अशी की, सगळे शेजारी एकाच लबाडाचे असून ते आपल्याला जगापासून तोडून बसले आहेत. कांदापत्ते फुकट आणि हवे तितके काढता येतात, म्हणून केवळ कांदापत्त्यांवर राहणाऱ्या नोडला हा धोका जरा अधिक. माझ्या मते मुखत्यार कायम ठेवून साध्या जाळ्यातील काही शेजारीही त्याच्याच मार्फत जोडावेत. आणि शंका आलीच, तर टॉर ब्राउझरमधून दोन निरनिराळ्या संकेतस्थळांवर शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक आणि त्याची हॅश नावाची लांबलचक खूण पाहावी, आणि त्याच क्रमांकाची आपल्या नोडमधील खूण तिच्याशी अक्षरशः जुळवून घ्यावी.